जिन्यावरचं मीठ

जुनोला रस्ता येत नाही.
विमानाने यावं, नाहीतर बोटीने,
आणि जानेवारीत सगळे एकदमच येतात :
आमदार, त्यांचे चिटणीस, खात्यांचे संचालक,
आणि त्यांच्या मागोमाग, कधी त्यांच्याही आधी,
त्यांचं मन वळवणारे लॉबीवाले.
घरं तेवढीच राहतात.
डोंगर मागे सरत नाही, समुद्रही नाही.

मी घराघरात भट्टीचं तेल घालतो. बावीस वर्षं झाली.
खांद्यावर नळी घेऊन लाकडी जिने चढायचे,
झाकण उघडायचं आणि कान देऊन उभं राहायचं.
टाकी भरत असते तोवर आतून शिट्टी वाजते,
थांबली की भरली.
माणसांत असं काही बसवलेलं नसतं,
असं माझी बायको म्हणायची, माझ्या जेवणावरून.

वरच्या आळीला शेवटचं पिवळं घर.
तिथे खाण परवान्यांचे संचालक राहायचे, हार्लन प्रिव्हेट.
साधा माणूस. बर्फ स्वतः उपसायचा.
एकदा मला आत बोलावून कॉफी दिली,
माझे हातमोजे शेगडीवर वाळत घातले,
मुलीचा घटस्फोट, गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगितलं.
घर कुणाचं, ते नाही सांगितलं.
मला माहीत होतं. बिल जायचं
टोबिन स्कारच्या कचेरीत, तिसरा मजला,
दारावर पाटी : सल्लागार.
कसला सल्ला, कुणाला, ते पाटीत मावलं नसावं.

भाडं महिना दोनशे डॉलर, हे प्रिव्हेटच म्हणाले,
हसत, स्वस्तात मिळालेला कोट दाखवावा तसं.
माझी मारित एका खोलीचे सोळाशे मोजते.
खिडकीतून कचऱ्याचा डबा दिसतो,
एप्रिलमध्ये डब्यात डोकं घातलेलं अस्वलही.

चौकशी झाली नाही असं नाही.
प्रिव्हेट समितीपुढे म्हणाले,
त्या घराचा माझ्या सहीशी काडीचाही संबंध नाही.
आणि मला वाटतं, ते खरंच बोलत होते.
पैसे घेतले तर मोजावे लागतात,
कुठेतरी लपवावे लागतात, गादीखाली टोचतात.
ऊब कुठे लपवणार?
तुम्ही झोपलेले असता, तळघरात भट्टी आपली आपण पेटते,
पहाटे पाय खाली टेकवता, तर फरशी कोमट.
एवढंच.
मग एके दिवशी टेबलावर कागद येतो,
नदीच्या वरच्या अंगाला खाणीच्या गाळाचा बांध,
खाली सॅमन माशांची अंडी घालायची जागा,
आणि एखादं पान तुम्ही जरा भरभर वाचता.

त्या जिन्यावर मीठही मीच टाकायचो,
तेही स्कारच्याच बिलावर.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पायाखालच्या मिठाचं काय करावं, कुणी सांगत नाही.
पाय घसरत नाही, एवढं खरं.

मार्चात सही झाली.
मे महिन्यात अधिवेशन उठलं, विमानं भरभरून गेली.
धक्क्यावर स्कार भेटला. माझं नाव त्याला ठाऊक होतं.
मारितचंही.
म्हणाला, आर्विड, वरचं घर जानेवारीपर्यंत ओस असतं,
थंडी पडली की पाईप फुटतात,
कुणी राहिलं तर उपकार माझ्यावरच.
भाडं कसलं, तेल तेवढं बघा.
किल्ली त्याने माझ्या हातात दिली नाही.
ट्रकच्या बॉनेटवर ठेवली
आणि बोटींकडे बघत राहिला,
जणू ती किल्ली सकाळपासून तिथेच होती.

मारितला खाडी आवडते.
बाळाचा खोकला गेला.

काल समितीच्या कारकुनाचा फोन आला,
कोवळा आवाज, आडनाव दोनदा सांगितलं त्याने.
पिवळ्या घराच्या जुन्या बिलांच्या प्रती
तुमच्याकडे आहेत का?
बघावं लागेल, म्हटलं.

खोकं माझ्या सीटखालीच आहे.
बघतो आहे.
जरा सावकाश.